मन्मथअप्पांची पेरणी

मन्मथअप्पा एसटीत चढले की कंडक्टर आधी त्यांच्या धोतराकडे बघायचा. गुडघ्यापर्यंत गवताचं बी चिकटलेलं असायचं. अप्पा खिडकीजवळची जागा धरायचे, मांडीवर रुमाल पसरायचे आणि एकेक बी सोडवून त्यात टाकत बसायचे. "घरी काही काम न्हाई का, बाबा?" असं एकदा कंडक्टरनं वैतागून विचारलं. अप्पा मान वर न करता म्हणाले, "हेच काम हाय. चाळीस साल उलटं केलं, आता सुलटं करायलोय."

त्यांचं म्हणणं खरंच होतं. लातूरच्या एका डाळमिलमध्ये ते चाळणीवर होते. शेतातून तूर आली, मूग आला, की त्यासोबत रानातलं नको ते बी येतं. ते वेगळं काढून फेकायचं, हे त्यांचं आयुष्य. डोळे मिटून चिमटीत धरलं तरी कुर्डू कोणता आणि तेरडा कोणता, हे ते सांगायचे. त्यांचे डोळे पुढे अधू झाले, बोटं मात्र शेवटपर्यंत तल्लख होती.

मिलमागच्या एका खोलीत त्यांचा संसार झाला. बायको महानंदा शिरूर अनंतपाळकडची, माळावरच्या गावची. पोळा झाला की ती दरवर्षी म्हणायची, "अवो, एकदा माझ्या माहेरचा माळ बघाया चला. पिवळाजांभळा झाला आसंल." आणि नेमकी तेव्हाच बाजारात मुगाउडदाची आवक सुरू व्हायची. अप्पांचं उत्तर ठरलेलं होतं, "हंगाम हाय. पुढच्या साली जाऊ." असं करता करता पोरीचं लग्न झालं, अप्पा म्हातारे झाले आणि महानंदाकाकू गेल्या. अप्पांनी त्यांना माती द्यायला त्यांच्या माहेरीच आणलं. तोवर तो माळ नांगरून सोयाबीनखाली गेला होता.

माझा त्यांचा संबंध आला तो इथे. आमच्या समाजात माणसाला जाळत नाहीत, पुरतात. त्या जागेला आम्ही रुद्रभूमी म्हणतो. काकूंच्या माहेरगावच्या रुद्रभूमीच्या समितीचा मी सचिव. मी हायस्कुलातला मास्तर, रिटायर झालेला; वर्ग असो की स्मशान, मला सगळं ओळीत आणि झाडून काढलेलं लागतं. तिथे मात्र कंबरेइतकं गाजरगवत माजलेलं. अप्पा मिल सोडून गावातच राहायला आले आणि एक दिवस माझ्या ओसरीवर येऊन बसले.

"सर, रुद्रभूमीत मला पेरू द्या."

"काय पेरता तिथं?"

"महानंदाच्या माहेरचा माळ," ते म्हणाले. "बांधाला, सडकंच्या कडंला आजून थोडा थोडा शिल्लक हाय. गोळा करतो. तिनं जन्मभर एकच मागितलं सर, आन् म्या ते बी दिलं न्हाई. मला एकदा तिच्यापाशी बसून ती फुलं बघायचीत. मंग मी मोकळा."

मी हो म्हणालो.

त्यांची पद्धत बघून मी थक्क व्हायचो. आधी गाजरगवत फुलावर यायच्या आत मुळासकट उपटायचं. मी ट्रॅक्टरची गोष्ट काढली तर म्हणाले, "नांगर न्हाई घालायचा. खालचं झोपलेलं तन वर येतं." शेणखताचं नाव काढलं तर हात जोडले. "खत खाऊन गवत माजतं सर, फुलं दबून मरतेत. ह्येला उपाशीच ठेवायचं." चार वाट्या गवत आणि एक वाटी फूल, हे त्यांचं माप. गवतात मारवेल आणि पवन्या घेतला. कुसळी मात्र रुमालातून वेचून बाहेर. "मातीला आलेला मानूस अनवाणी आसतो. आधीच रडायला आलेला, त्याच्या पायात कुसळ कामून भरवायचं?" फुलांत तेरडा, कुर्डू, रानतीळ, विष्णुक्रांता. तरोटा नको, तो सगळ्यांना खाऊन टाकतो. एकदा मी हौसेनं नांदेडच्या दुकानातून रंगीत फुलांच्या बियांची पुडी आणली. त्यांनी ती उघडून हुंगली आणि परत माझ्या हातात दिली. "दिसाय झ्याक हाय. पर ह्येला आपल्या पावसाची सवय न्हाई. पाऊस पंधरा दिस गायब झाला की ह्यो गेला."

सगळं बी चाळलेल्या मातीत कालवून त्यांनी ते मृगाच्या आधी फेकलं. अर्धं उभं आणि अर्धं आडवं, म्हणजे कुठे दाट कुठे विरळ होत नाही. मग आम्ही दोघं त्यावरून अनवाणी चाललो. "नुसतं पायानं दाबायचं. ह्ये बारीक बी, खोल गेलं की वर येत न्हाई."

पहिल्या वर्षी पावसानं मोठी दडी मारली. हिरवं गवत तेवढं आलं, फुलं नावाला चार. गावात टिंगल झाली; अप्पांनी मढ्यांसाठी चारा लावला म्हणाले लोक. मीही आतून खट्टू झालो होतो. अप्पा म्हणायचे, "जरा दमानं, सर. मुळं धरायलंय ते." दिवाळीनंतर बी झडल्यावर त्यांनी विळ्यानं गवत कापलं आणि काडीन् काडी बाहेर काढली.

दुसऱ्या वर्षी पाऊस चांगला झाला. श्रावण संपता संपता सगळीकडे कळ्या दिसायला लागल्या. अप्पांना त्या नीट दिसेनात, मोतीबिंदू पिकला होता. पोरगी शैला उदगीरहून आली आणि ऑपरेशनसाठी त्यांना लातूरला घेऊन गेली. जाताना मला म्हणाले, "डोळा करून येतो, सर. पोळ्यानंतर तिची पुण्यतिथी हाय. तवर फुलतंय बघा सगळं."

पुण्यतिथीला उदगीरचे पाहुणे येणार होते, स्वामीही येणार होते. समितीच्या अध्यक्षांचा फोन आला, "सर, गुडघाभर गवत हाय, साप निघायचा." मी जाऊन पाहिलं. माझ्या मास्तरी डोळ्यांना ते गबाळंच दिसलं. कापलं की पुन्हा फुटेल, अशी मी मनाची समजूत घातली. आपल्याकडे एखाद्याच्या मातीचा मान ठेवायचा म्हणजे काय, तर जागा लख्ख करायची, सडा टाकायचा. अप्पा परत येतील, बायकोची समाधी स्वच्छ बघतील, त्यांना बरं वाटेल, असंच माझ्या डोक्यात होतं. मी गवत कापायचं मशीन बोलावलं आणि उभं राहून दोन एकरांची सगळी रुद्रभूमी कापून घेतली. वर चुन्याच्या रेघाही मारल्या.

अप्पा आले ते काळा चष्मा लावून. फाटकातून आत आले आणि थांबले. चष्मा काढला, पुन्हा लावला. मी पुढे होऊन म्हणालो, "बघा अप्पा, कसं स्वच्छ केलंय."

ते काकूंच्या समाधीपाशी जाऊन खाली बसले, कापलेल्या कचऱ्यातून एक कळी उचलली आणि बोटांनी उघडली. आत पिवळं होतं. "आठ दिस थांबायचं होतं, सर," एवढंच म्हणाले. मी काय केलं हे मला त्या क्षणी कळलं, आणि त्याला काही इलाज नव्हता.

पाहुण्यांत कुणीतरी विचारलं, फुलं येणार होती ना, कापलं कुणी? मी चुन्याच्या रेघांकडे बघत राहिलो. अप्पा म्हणाले, "म्याच सांगितलं व्हतं कापाया." लोक एकमेकांकडे बघून हसले. म्हातारा चळला, असं गावानं ठरवून टाकलं आणि मी ते ठरवू दिलं.

त्या हिवाळ्यात ते पुन्हा बांधाबांधानं फिरले, कारण कळ्यांतच कापल्यानं आमच्या जमिनीत एक दाणा पडला नव्हता. मी सोबत जायचो. माझ्याशी ते पूर्वीसारखंच बोलायचे. प्रत्येक बी माझ्या तळहातावर ठेवून नाव सांगायचे, मग माझ्याकडून म्हणवून घ्यायचे. मला वाटायचं, त्यांनी मला माफ केलं असावं. चैत्रात एका सकाळी ते उठलेच नाहीत. काकूंच्या शेजारीच आम्ही त्यांना माती दिली.

मृगाच्या आधी मी आणि शैलानं पेरलं. भाद्रपदात रुद्रभूमी अशी फुलली की लातूरहून लोक फोटो काढायला आले. पिवळं, जांभळं, तेरड्याचं गुलाबी; दोन्ही समाध्या त्यात दिसेनाशा झाल्या. समितीनं माझा सत्कार ठेवला, शाल आणि नारळ. मी उठून सांगणार होतो की गेल्या वर्षी हे मी अप्पांना न विचारता कापलं. पण मी शाल घेऊन खाली बसलो.

कार्यक्रम संपल्यावर मी शैलाला बाजूला घेतलं आणि तिला तरी खरं सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत हाय, सर. पुण्यतिथीच्याच दिवशी मी अप्पांशी भांडले व्हते, सरांचं नाव कामून झाकता म्हनून. अप्पा म्हणाले, मी काही पुढचा पोळा बघत न्हाई. सरांची मान खाली गेली तर ते पुन्हा हितं पाय ठेवणार न्हाईत. मंग तुझ्या आईजवळ पेरायचं कुणी?"