टेन्शनर सुटल्याचा आवाज

आमच्या दादाशी बोलायचं तर आधी इंजिन बंद व्हावं लागतं. चालू इंजिनापुढे तो कुणाचं ऐकत नाही. वहिनीचं तर बंद इंजिनापुढेही नाही. त्याच्या गॅरेजच्या दारात, पार्ट्सच्या कपाटाला लागून माझी खुर्ची आहे. माझा नवरा गेला तेव्हा दादा म्हणाला होता, "घरात बसून रडण्यापेक्षा इथे येऊन गिऱ्हाइकांवर ओरड." ते काम मला छान जमलं.

गाडी फाटकातून आत वळायच्या आधीच दादा तिचं दुखणं सांगायचा. "हिचं बेअरिंग गेलंय," असं म्हणून हात पुसत उठायचा, आणि गिऱ्हाइकाचं तोंड उघडंच राहायचं. बाकीचे लोक मशीन लावून बघतात, त्याची त्याला चीड. "डोळे फसवतात, बोटं फसवतात, कान नाही फसवत," हे त्याचं ठरलेलं वाक्य. ते ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

आणि मग घरातला टीव्ही अख्ख्या गल्लीला ऐकू जायला लागला. वहिनी म्हणाली, "अहो, कान दाखवून घ्या." हा म्हणाला, "तूच हल्ली पुटपुटतेस." मला एका हाकेच्या दोन, दोनाच्या चार कराव्या लागायच्या. मी चिडायचे, मग घाबरायचे, मग गप्प बसायचे. गॅरेज चालत होतं ते त्या दोन कानांवर. ते गेले तर या माणसाने सकाळी उठून जायचं कुठे?

त्या दिवशी एक टॅक्सीवाला आला. सकाळी गाडी चालू केली की पुढून खळखळते, म्हणाला. इंजिनात सायकलीसारखी एक चेन असते. वापरून ती सैल पडते, म्हणून तिला बाजूने दाबून ताणून धरायला टेन्शनर असतो. नावच टेन्शनर, दुसऱ्याचा ताण सांभाळणारा; आमच्या घरात ते पद वहिनीकडे आहे. नवा टेन्शनर बसवताना त्याचा दांडा आत दाबून एका बारीक हुकात अडकवतात. बसवून झाला की पान्याने इंजिन किंचित उलटं फिरवायचं. हूक सुटतो, दांडा उसळून चेनच्या पट्टीवर आदळतो आणि आतून टक् असा आवाज येतो. तो आला म्हणजे झालं. नाही आला आणि गाडी तशीच चालू केली, तर सैल चेन दात सोडते आणि इंजिनाची वाट लागते.

टॅक्सीवाला चहाला गेला. मी उजेडासाठी हातातली बॅटरी धरून उभी राहिले. दादाने पाना फिरवला.

टक्.

मला स्पष्ट ऐकू आलं. दादा मात्र मान तिरकी करून थांबूनच राहिला.

"नाही सुटला," तो म्हणाला.

"अरे, वाजला की!"

"तुझे कान वाजले असतील."

त्याने टेन्शनर काढला. दांडा बाहेर आलेला होता, आंधळ्यालाही दिसला असता. दादा म्हणाला, काढताना हिसका बसून सुटला असणार. पुन्हा दाबला, हुकात अडकवला, बसवला, पाना फिरवला. टक्. पुन्हा तेच. "माल बोगस आहे," म्हणत त्याने माझ्याकडून कपाटातला दुसरा मागून घेतला. तोही वाजला. चेनवरचं झाकण उघडंच होतं. मी म्हटलं, "बोटाने चेन दाबून तरी बघ." त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला शिवी दिली होती.

मला ओरडावंसं वाटत होतं, बहिऱ्या, वाजतंय रे, दर वेळी वाजतंय! एरवी माझी जीभ कुणाला आवरत नाही. त्या दिवशी ती टाळ्याला चिकटली. त्याच्या कपाळावर घाम होता, आणि हात हुकाशी झटापट करत होते.

शेवटच्या वेळी त्याने मान तिरकी केली नाही. पाना फिरवताना तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मी चेहरा दगडासारखा ठेवायचा ठरवलं होतं, पण टक् झालं आणि माझी पापणी हललीच.

"वाजला?"

"हो."

"पहिल्यांदाही?"

मी मान हलवली. तो खाली बघून एकेक बोल्ट आवळत राहिला, नेहमीपेक्षा जास्तच घट्ट.

झाकण लावून, तेल भरून गाडी चालू केली तोवर टॅक्सीवाला परतला होता. दादाने लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवला आणि मूठ माझ्या हातात दिली. "लाव कानाला. चेनचा आवाज कसाय सांग."

मी लावला. आत नुसता गोंधळ होता. घरघर, टिकटिक, शिट्टीसारखं काहीतरी, सगळं एकदम.

"यातला चेनचा कुठला रे?" मी त्याच्या कानाशी ओरडले.

तो कसा सांगणार होता? आवाज माझ्या कानात होता आणि अक्कल त्याच्या डोक्यात. मधे काहीच नव्हतं. मला रडू फुटलं, इंजिनावर ओणवी होते म्हणून कुणाला दिसलं नाही.

"नाही कळत मला, दादा."

त्याने माझ्या हातातून स्क्रूड्रायव्हर हळूच काढून घेतला आणि मूठ स्वतःच्या कानाला लावली. डोळे मिटले. मान तिरकी केली. तसाच उभा राहिला, किती तरी वेळ.

मी त्याच्या दंडाला हात लावायला पुढे झाले, तशी टॅक्सीवाल्याने मला खुणेने अडवलं. ओठांवर बोट ठेवून अगदी आदराने कुजबुजला, "थांबा ताई. ऐकतायत ते."