जावेची कमांड आणि माझ्या मोकळ्या जागा

मैत्रिणींनो, सांजवात लावून झाली तरी दुपारची जळजळ जात नाही, म्हणून लिहिते.

आमच्या पवनीच्या भजनी मंडळाचं पुस्तक छापायचं आहे. आमची आणि छापखान्याची अशा दोन प्रती घेऊन ओळीवर बोट ठेवत ताडून पाहायचं काम नेहमी माझं. माझी धाकटी जाऊ घरूनच कंप्युटरची नोकरी करते. आज तीच लॅपटॉप घेऊन बसली. गिट नावाचा प्रोग्राम म्हणे दोन फाइलींतला फरक दाखवतो. तिनं एक कमांड टाकली अन् म्हणाली, "जाऊबाई, छापखान्यानं काहीच बदललं नाही."

सासूबाई लगेच मला, "पाह्य वो, तुले अख्खी दुपार लागते!"

मी चष्मा लावला. गाताना दम घ्यायचा तिथे मी दोन शब्दांत रुंद जागा सोडते. छापखान्याच्या प्रतीत त्या सगळ्या गायब! खरं सांगते, मला आनंदच झाला.

"तुह्या मशीनले हे नाही दिसलं?" मी जावेला विचारलं.

"अय्या! मीच डॅश डब्ल्यू लावलं होतं ना. ते लावलं की मोकळ्या जागेचा फरक दिसत नाही."

तिनं ते काढलं. स्क्रीनवर ओळी लाल-हिरव्या झाल्या. माझ्या नजरेतून सुटलेली एक जागाही त्यात निघाली.

"हुशार आहे वो माही सून!" सासूबाई म्हणाल्या.

सून तर मीही आहे.

देवापुढे हात जोडले, म्हटलं, हा मत्सर काढ. पण मंडळातलं माझं एवढं एक काम जाऊ द्यायचं नाही मला. तुम्हीच सांगा, मत्सर निघेपर्यंत थांबू, की जळत जळतच तिच्याकडून ती कमांड शिकून घेऊ?