निसीमकाकांचे वीस ग्रॅम

निसीमकाका इंटरनेटवरून सोनं घेणार आहेत हे कळलं तेव्हा मी त्यांना सरळ सांगितलं, की काका, या वयात नसते उद्योग करू नका. पनवेलमध्ये सराफ काय कमी आहेत? पायात चपला घाला, बाजारात जा, घेऊन या.

"त्यातल्याच एकाला मी बेलाच्या पाटल्या विकल्या होत्या," काका म्हणाले, आणि पुन्हा कागदात डोकं घातलं.

ती गोष्ट मला माहीत होती. आमच्या मजल्यावर दोनच बिऱ्हाडं, एक माझं आणि एक निसीम वाक्रुळकरांचं. त्यांचा एरियल इस्रायलला गेला तेव्हा तिकिटासाठी आणि तिकडच्या पहिल्या काही महिन्यांसाठी बेलाकाकूंच्या दोन तोळ्यांच्या पाटल्या गेल्या. सराफानं डागाचं, म्हणजे जोडाचं, वजन कापलं, घट धरली, आणखी काय काय धरलं, आणि हातात जे ठेवलं ते बघून काकू जिन्यातच बसल्या होत्या. काकांनी तिथंच कबूल केलं, की तुझे वीस ग्रॅम मी तुला परत देईन. दागिना नको, चोख सोनं देईन, म्हणजे पुढे कोणाला काही कापता यायचं नाही.

याला आता सात वर्षं होतील. पुढे एलिशेवाही भावाच्या मागोमाग गेली. काकूंचं हृदय थकलं, पाय सुजले, डॉक्टरांनी जिना बंद केला. काका रसायनीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते; तिथली पेन्शन ती काय असणार! त्यातून औषधं वजा करून जे उरेल ते बाजूला पडायचं. काकांचे पैसे जिन्यानं चढत होते आणि सोन्याचा भाव लिफ्टनं. दर दोन-तीन महिन्यांनी काका म्हणायचे, आता थोडेच कमी पडतायत, आणि तोवर भाव पुढच्या मजल्यावर. ऐकून ऐकून मलाच दम लागायचा. गेल्या वर्षी एकदाचे पैसे पुरतील असं दिसायला लागलं, आणि काका विक्रेता निवडायला बसले.

निवडायला आठ महिने लागले. ड्राफ्ट्समन माणूस, आलेखाच्या कागदावर टोकदार पेन्सिलीनं रकाने आखले. जीएसटी नंबर खरा आहे का. कंपनीचा पत्ता आहे की नुसती टपालपेटी. पैसे कंपनीच्या खात्यात जातात की कोणा माणसाच्या मोबाइलवर. विकलेलं परत घेतात का, आणि कोणत्या भावानं. वाटेतला विमा कोणाचा. ग्राहकांचे अभिप्राय वाचताना आधी शिव्या वाचायचे, कौतुक नंतर. एकाच ठिकाणी सकाळी फोन करून प्रश्न विचारायचे, संध्याकाळी तोच प्रश्न दुसऱ्या माणसाला, आणि दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी लिहून ठेवायचे. एका वेबसाइटवर मुंबईचा पत्ता होता. काका स्वतः जाऊन आले. तिथं केशकर्तनालय निघालं.

"दाढी तरी करून यायची," मी म्हटलं.

"एक बाजारभावापेक्षा स्वस्त देतोय," काका माझ्याकडे दुर्लक्ष करून म्हणाले. "सोनं स्वस्त देणारा एकतर चोर असतो नाहीतर मूर्ख. दोघांशीही आपलं काम नाही." आणि त्या नावावर रेघ मारली.

मला या सगळ्याचा कंटाळा यायचा हे कबूल करतो. मी न्हावा शेव्याच्या बंदरात एका क्लिअरिंग एजंटकडे आहे. कंटेनरचं सील तपासणं हे माझं रोजचं काम. नंबर कागदाशी जुळवायचा, सील हातानं ओढून बघायचं, मगच सही. दिवसाला तीस-चाळीस सीलं होतात. घरी आल्यावर कोणी "जरा हे बघ रे" म्हटलं की डोकं फिरतं. पण निसीमकाकांना नाही म्हणवत नाही. मी त्यांना एकच गोष्ट शिकवली. दुकान कितीही चांगलं असो, माल वाटेतच मारतात. पाकिटावर टेपवर टेप दिसली, कोपरा फुगलेला दिसला, तर हात लावायचा नाही, ओटीपी द्यायचा नाही, दारातूनच परत पाठवायचं. काकांनी ते लाल पेन्सिलीनं सगळ्यात खाली लिहून घेतलं. विक्रेत्याच्या अटींतही तेच होतं: पाकीट उघडलेलं वाटलं तर दारातच नाकारा, एकदा स्वीकारलंत की विमा नाही.

शेवटी अहमदाबादचा एक विक्रेता उरला. आधी परीक्षा म्हणून दहा ग्रॅम चांदीचं नाणं मागवलं. ते बुधवारी आलं. मी मोबाइलवर व्हिडिओ काढला, काकांनी सुरीनं पाकीट उघडलं, कार्डावरचा नंबर जुळवला, दुसऱ्या दिवशी बाजारात वजन करून आणलं. अगदी बरोबर. काकू पलंगावरून म्हणाल्या, "मला बघायला आले तेव्हाही एवढी चौकशी केली नव्हती यांनी."

मग सोन्याची ऑर्डर गेली. वीस ग्रॅमची एक चिप, म्हणजे चोख सोन्याची पातळ वडी, सीलबंद कार्डात.

काकांची एकच अडचण होती, शनिवार. हे बेने इस्रायली लोक, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू, पूर्वी आमच्याकडे शनवार तेलीच म्हणून ओळखले जायचे, शनिवारी तेलाचा घाणा बंद म्हणून. काका तरुणपणी फार पाळायचे नाहीत. मुलं गेल्यावर, काकूंना बरं वाटतं म्हणून पाळायला लागले. शुक्रवारी सूर्य मावळला की फोन बंद, पैसे नाहीत, सही नाही. शनिवारी संध्याकाळी गॅलरीतून तीन तारे दिसले की मग सगळं सुरू. म्हणून त्यांनी विक्रेत्याला लिहून कळवलं, की शनिवारी माल पाठवू नये. त्यांनीही हो म्हणून लेखी उत्तर दिलं. आणि तरीही चुकून आलाच तर म्हणून काकांनी ऑर्डरमध्ये दुसरा नंबर घातला, माझा.

पाकीट शुक्रवारी यायचं होतं. कुरियरची गाडी अडकली, आणि ते आलं शनिवारी दुपारी.

त्या आठवड्यात आमचा एक कंटेनर कस्टमनं धरून ठेवला होता. तीन दिवस मी खुर्चीत झोपत होतो. शनिवारी दुपारी घरी आलो, बूट न काढता सोफ्यावर पडलो आणि बेल वाजली. दारात कुरियरवाला, हातात पाकीट. समोर काकांचं दार उघडं, काका उंबऱ्यात उभे. त्यांनी नुसतं माझ्याकडे बोट दाखवलं.

"साहेब, ओटीपी," कुरियरवाला म्हणाला.

मी मोबाइल बघितला, सहा आकडे वाचून दाखवले, पाकीट घेतलं, आतल्या टेबलावर ठेवलं आणि झोपलो. इतकंच. माझ्या हातात किती सेकंद होतं ते? चार? पाच? आठवडाभर दुसऱ्यांच्या मालाची सीलं ओढून बघणाऱ्या मी या पाकिटाकडे पाहिलंसुद्धा नाही. डोळ्यांत झोप होती, हे खरं. पण खरं सांगायचं तर मनात असंही होतं, की सुटलो, आला एकदाचा यांचा माल.

तारे निघाल्यावर काका आले. अंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून आले होते. पाकीट दिव्याखाली धरलं आणि तसेच उभे राहिले. मागून बघितलं तर मलाही दिसलं. एका बाजूची टेप दुहेरी होती. खालची कापलेली, वरून नवी लावलेली. मी आयुष्यात दहा हजार वेळा पाहिलेली गोष्ट.

आत पुठ्ठ्याची घडी आणि तीन लोखंडी वायसर निघाले.

विक्रेता चांगलाच निघाला, हे मुद्दाम सांगतो. काकांचे आठ महिने फुकट गेले नव्हते. कंपनीच्या माणसांनी सोमवारी सकाळी फोन उचलला, माल भरतानाचा व्हिडिओ पाठवला, वजनाची नोंद पाठवली, आमच्या बाजूनं कुरियरशी भांडलेसुद्धा. पण विमावाल्यांचा प्रश्न एकच. पाकीट कोणी स्वीकारलं? ओटीपी कोणी दिला? आम्ही पोलिसांत गेलो. त्यांनी अर्ज घेतला, शिक्का मारला, आणि पुढचा माणूस बोलावला.

काका मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. एकदाच जिन्यात म्हणाले, "चूक माझीही आहे. हात लावायचा नव्हता, डोळे तर उघडे होते. शैलेश बघेल म्हणून मी बघितलं नाही."

काकूंना त्यांनी त्याच रात्री सगळं सांगितलं होतं. काकू म्हणे एवढंच म्हणाल्या, "शैलेशला काही बोलू नका, त्याला झोप मिळत नाही." हे मला नंतर कळलं, आणि लाज वाटली. त्या आठवड्यात मी लिफ्ट नसलेल्या या इमारतीत त्यांच्या दाराशी गाठ पडू नये म्हणून वेळा चुकवून चढ-उतार करत होतो.

महिनाभरानं धीर करून गेलो. चाळीस हजार नेले होते, मुलीच्या क्लासचे बाजूला ठेवलेले. काकू आत झोपल्या होत्या. श्वासाचा आवाज बाहेरच्या खोलीत येत होता. काका टेबलाशी बसले होते, पाठीला बाक आलेला. मला वाटलं होतं पैसे नको म्हणतील, मग मी आग्रह करीन.

"ठेव," काका म्हणाले. "नको म्हणायची ऐपत नाही माझी." आणि त्यांनी जुना लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. तोच विक्रेता उघडलेला होता. "पाच ग्रॅमची चिप घाल. उरलेलं मी घालतो. वीस होईपर्यंत ती राहणार नाही. ती असताना काहीतरी तिच्या हातावर ठेवायचंय मला."

मी नाव घातलं, पत्ता घातला, शनिवार नको ते लिहिलं. मग दुसऱ्या नंबरचा रकाना आला आणि माझा हात थांबला.

"काका, इथे माझा नको. खरंच नको. दुसऱ्या कोणाचा तरी घालू."

काकांनी चष्मा काढला. ते मनापासून विचार करत होते. एरियल तिकडे इस्रायलमध्ये अश्दोदला, एलिशेवा बीरशेब्याला. खालचं बिऱ्हाड कधीच रिकामं झालेलं. सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला लागतात तेवढे दहा पुरुष जमवायचे तर हल्ली फोनावर फोन करावे लागतात, आणि जमतात त्यांतले निम्मे काकांपेक्षा म्हातारे.

"कोणाचा घालू?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता. ते मला खरंच विचारत होते. "तूच सांग शैलेश, कोणाचा घालू?"

मी माझाच नंबर टाइप केला.