हात कुणाचा?
आज नर्सने स्पिरिटचा बोळा दंडावर फिरवला आणि त्या वासासरशी माझं डोकं तापलं. कुंभकोणमला नवव्या महिन्यात मी बाळंतपण सोपं जावं म्हणून अॅक्युपंक्चरच्या सुया टोचून घ्यायला जात असे. एकदा डॉक्टरीणबाई मनगट पुसून म्हणाल्या, "या बांगड्या काढाव्या लागतील." सोबत आलेल्या सासूबाई उसळल्या, "वळैकाप्पूला भरलेल्या बांगड्या बाळंत होईपर्यंत उतरवत नाहीत!" वळैकाप्पू म्हणजे तिकडचं डोहाळजेवण, त्यात गरोदर बाईच्या हातात बांगड्या भरतात. तमिळमधून दोघींची जुंपली. डोक्यावर पंखा कुरकुरत होता, मनगटावरचं स्पिरिट गार लागत होतं, पोटात बाळ लाथा झाडत होतं, आणि हात माझा आहे हे कुणाच्या गावीही नव्हतं. शेवटी सासूबाईंनी माझ्या नवऱ्याला फोन लावला. म्हणजे माझ्या मनगटाचा निकाल तो ऑफिसात बसून देणार! मी संतापून सगळ्या बांगड्या खळकन कोपराकडे सारल्या आणि ओरडले, "आता टोचा!" एवढं साधं त्या दोघींना सुचलं नव्हतं, कारण मला कुणी विचारलंच नव्हतं. पोटातलं ते बाळ, माझी लेक, आज माझ्याशेजारी उभी होती. नर्सने सुई उचलली आणि तिला विचारलं, "अम्माला भीती वाटते का?" मी तोंड उघडायच्या आत लेक कडाडली, "दंड तिचा आहे, तिलाच विचारा!"