सहकुटुंब आडवाट जीप मंडळ, मिरज

जीपच्या मडगार्डाच्या आत चिखल साठतो ना, तसे हे किस्से साठलेत माझ्याकडं. एक खरवडायला घेतला की त्याच्यामागनं दुसरा सुटतो. परवा नातवानं सहज विचारलं, "आजोबा, तुम्ही तरुणपणी रविवारी काय करायचा?" आणि आमटी गार होईपर्यंत मी बोलतच बसलो. घरातले एकेक करून उठून गेले. तुम्ही बसा.

चीनची लढाई होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी मिरजेत हायस्कूलला सायन्स शिकवायचो. आमच्या गल्लीत एक सुभेदार पेन्शनीवर आले आणि त्यांनी लष्कराच्या डिस्पोजलच्या लिलावातली एक जीप आणली. सारी नोकरी पलटणीच्या गाड्या हाकण्यात गेलेली, त्यामुळं डांबरी रस्ता दिसला की त्यांना जांभया यायच्या. ओढा दिसला, खडकाळ माळ दिसला की मिशीला पीळ! दुसरी जीप तंबोरे करणाऱ्या चाँदभाईंची. तिसरे कांबळे, डोळ्यांच्या डॉक्टरांकडं कंपाउंडर होते. चौथा मी. आम्हा दोघांकडं सायकली, पण आम्हीही बायकापोरांसकट मेंबर. पाटी मीच रंगवली होती : 'सहकुटुंब आडवाट जीप मंडळ, मिरज'.

एक गोष्ट आधीच सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सुभेदारांची नजर जात चालली होती. काचबिंदू. त्यांच्या डोळ्यांत थेंब घातले ते कांबळ्यांनीच, आणि 'आता गाडी सोडा' हे डॉक्टरांचं बोलणं ऐकलं तेही कांबळ्यांनीच. बाहेर आल्यावर सुभेदार त्यांना म्हणाले, "ज्या दिवशी गाडी सुटली, त्या दिवशी मंडळ सुटलं. मग मी येणार न्हाई. कुणाला बोलू नगा."

कांबळे कुणालाही बोलले नाहीत. बायकोला तेवढं सांगितलं. तिनं फक्त माझ्या बायकोला सांगितलं. आठवड्याभरात अख्ख्या मंडळाला ठाऊक झालं. सगळ्यांना ठाऊक आहे, हे काय ते सुभेदारांना ठाऊक नव्हतं!

मग चाँदभाईंनी नवा नियम काढला. अवघड जागा आली की सगळ्यांनी उतरायचं, आणि चालवणाऱ्याच्या घरच्या माणसानं जीपपुढं चालत वाट दाखवायची. नियम सगळ्यांना सारखा, असं मुद्दाम दोनदा सांगितलं. डांबरी सडकेवर चाँदभाई पुढं राहायचे आणि त्यांच्या जीपला मागं पिवळंधमक फडकं बांधलेलं असायचं. सुभेदारांनी विचारलं, हे कशाला? चाँदभाई म्हणाले, शोभेला.

तेव्हा सडकेवर तासाला एखादा ट्रक यायचा. तरी माझा जीव मुठीत असायचा, खोटं कशाला बोलू. आज वाटतं, आम्ही सगळेच येडे होतो.

०

मंडळाचे मूळ नियम दोन, पाटीवर नावाखालीच लिहिलेले. एकट्यानं यायचं नाही, घरचं माणूस आणायचं. आणि दुपारी सगळे डबे एका चादरीवर उघडायचे, आपल्या डब्यातलं आपण खायचं नाही.

एकदा एक कंत्राटदार कोरी गाडी घेऊन एकटेच आले. सुभेदारांनी त्यांना वेशीवरनंच परत पाठवलं. तासाभरानं ते सासूबाईंना घेऊन आले. घरात तेवढ्याच मोकळ्या सापडल्या असाव्यात.

सासूबाई सोवळ्याच्या. चादरीपासून चार हात लांब, पाठ करून, आपल्या डब्यातलं जेवल्या. कांबळेवहिनींनी झुणक्याचं भांडं त्यांच्या बाजूला थोडं सरकवून ठेवलं, एवढंच. वास मात्र वाऱ्याबरोबर जायचा तिथं गेला.

पुढच्या रविवारी जावई आलेच नाहीत. सासूबाई टांगा करून आल्या. हातात डबा नव्हता. मी मास्तर माणूस, चौकशीची खोड जात नाही. विचारलं, "आजी, डबा?"

"नियम वाचला मी पाटीवरचा. आपलं आपण खायचं नाही. मग आणून काय करू?" असं म्हणून त्या सरळ कांबळेवहिनींच्या शेजारी जाऊन बसल्या.

०

चाँदभाईंचा कान म्हणजे अजब चीज. एकदा ते सुभेदारांच्या जीपमध्ये बसले, पाच मिनिटं डोळे मिटून ऐकत राहिले आणि म्हणाले, तिसऱ्या सिलिंडरचा सूर लागत नाही. सुभेदार हसले. पलटणीत इंजिनं खोलून हात काळे केलेला माणूस, तंबोरेवाल्याचं कशाला ऐकतोय! पण मला राहवेना. मी बॉनेट उघडायला लावलं. तिसरा प्लग काजळीनं गच्च भरलेला निघाला.

प्लग पुसून लावला. सुभेदारांनी जरा घुश्शातच विचारलं, "मग आता हिचा सूर कंचा, ते बी सांगा."

चाँदभाईंनी पुन्हा डोळे मिटले. "उभी असली की काळी चार. चढाला लागली की पांढरी सहा. बाईमाणसाच्या गळ्याची हाय तुमची जीप."

मी हे खरं की खोटं ते बघायला दुसऱ्या दिवशी शाळेतली बाजाची पेटी घेऊन सुभेदारांच्या दारात गेलो होतो. हेडमास्तरांनी नंतर लेखी खुलासा मागितला. पण काळी चारच निघाली!

०

सुभेदारांच्या मंडळी म्हणजे पारूवहिनी. माहेर कवठे महांकाळकडचं, कोरडवाहू रानातलं. सुभेदारांच्या जीपपुढं चालायच्या त्या. चपला काढून जीपमध्ये टाकायच्या आणि सरळ बॉनेटच्या समोरनं चालू लागायच्या. एक टाळी म्हणजे उजवीकडं, दोन म्हणजे डावीकडं, टाळ्यांचा सपाटा लावला की थांबा. त्यांनी दाखवलेल्या वाटेत जीप कधी रुतली नाही. चाँदभाईंची दर रविवारी रुतायची.

मला हे कोडं सुटेना. वाळू वरनं सगळी सारखीच दिसते, मग घट्ट कुठं आणि भुसभुशीत कुठं हे वहिनींना कसं कळतं? वहीत नकाशे काढले, काठीनं भोकं पाडून खोली मोजली. शेवटी त्यांनाच विचारलं.

"पायाला कळतंय, मास्तर," त्या म्हणाल्या. "तुमी बूट घालून बघताय, म्हणून तुमाला कळंना."

झालं. मी बूट-मोजे काढले आणि फर्लांगभर त्यांच्यामागनं चाललो. कांबळ्यांनी संध्याकाळी चिमट्यानं माझ्या तळपायातले बाभळीचे अकरा काटे काढले. ज्ञान काही मिळालं नाही. आमची ही म्हणाली, निदान घरी येताना तरी बूट घालायचे होते.

०

एकदा औंधाला यमाईच्या दर्शनाला निघालो होतो. नेहमीची सडक सोडून शेतातनं जायचं ठरलं. मी, ही आणि कांबळे मंडळी सुभेदारांच्या जीपमध्ये, पारूवहिनी शेजारच्या सीटवर. चाँदभाई त्या दिवशी नव्हते. जोंधळ्याच्या रानाजवळ वाटेला दोन फाटे फुटले.

सुभेदारांनी जीप थांबवली. बांधाला एकजण उभा होता, सदरा घातलेला, डोक्याला मुंडासं. सुभेदारांनी हात जोडले. "राम राम पाव्हणं. औंधाला ह्याच वाटंनं जायचं न्हवं?"

ते बुजगावणं होतं.

हिनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की आठवडाभर वळ होता. पारूवहिनी मान खाली घालून पदराचं टोक पिळत बसल्या. आता कुणी हसलं असतं किंवा खरं बोललं असतं, तर सुभेदारांचं सगळंच संपलं असतं. तेवढ्यात कांबळ्यांनी मागच्या मागं रानाकडं तोंड केलं आणि घोगरा आवाज काढला. "व्हय. सरळ जावा."

सुभेदार आभार मानून निघाले. मैलभरात ती वाट एका विहिरीवर जाऊन संपली! कांबळ्यांना तरी कुठं ठाऊक होती?

जीप मागं घेता घेता सुभेदार म्हणाले, पाव्हणा लय बेभरवशाचा निघाला. फाट्याला परत आलो. मग म्हणाले, "आवाज मातर वळखीचा वाटला." कांबळे बाहेर बघत होते.

०

आता हा शेवटचा.

कवठे महांकाळच्या पलीकडं एक उघडा डोंगर आहे. वर्षातनं एकदा मंडळ तो चढायचं. पहिली जीप सुभेदारांची, हा मान ठरलेला.

त्या सकाळी पायथ्याच्या ओढ्यात एक गोष्ट घडली. पारूवहिनी पुढं, मागं सुभेदारांची जीप. कांबळ्यांची धाकटी सुमी बेडकाची पिल्लं बघायला मधेच जाऊन बसली, बंपरपासून तीन हातांवर. भर उन्हात, लाल परकर नेसलेली पोर. सुभेदारांना दिसली नाही. वहिनींनी मागं वळून टाळ्यांचा सपाटा लावला, ब्रेक लागला, जीप थांबली. सुमीला काही कळलंच नाही, ती आपली ओंजळीतलं पाणी सांभाळत बाजूला झाली. कांबळ्यांनी तिला उचलून घेतलं आणि नंतर बराच वेळ खाली सोडलं नाही.

सुभेदारांनी एवढंच विचारलं, "कोण हुतं?" वहिनींनी सांगितलं.

डोंगराखाली सगळे उतरलो. अकराचं ऊन, आभाळ स्वच्छ. सुभेदारांनी जीप लो गिअरात टाकली. वहिनींनी चपला काढल्या आणि चालू लागल्या. चार पावलं गेल्या असतील, सुभेदारांनी इंजिन बंद केलं आणि खाली उतरले.

"पारू, हिकडं ये. बस."

वहिनींनी आमच्याकडं बघितलं. शहराबाहेरच्या पटांगणात सुभेदारांनी त्यांना गाडी शिकवली होती हे मला ठाऊक होतं, पण चारचौघांत त्यांनी कधी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. "आवं, असं काय करताय? चढ हाय हा. आन् फुडं कोन चालनार?"

"कुनी कशाला पायजे? वाट तुलाच दिसतीया. इतकी वर्सं फुडं चालून गाडी तूच हाकतीस. आता बसून हाक."

वहिनी बसल्या. कासोटा आवळला, जीप सुरू केली. लो गिअरात जीप मुंगीच्या चालीनं चढते, चूक व्हायची ती चाक कुठं घालायचं यातच. आम्ही सगळे पायथ्याशी उभे. अर्ध्या चढाला मागचं चाक फिरलं, धोंडे गडगडत खाली आले, चाँदभाईंनी अल्लाचं नाव घेतलं. वहिनींनी थोडी मागं घेतली, डावीकडची वाट धरली आणि पुन्हा चढायला लागल्या. सुभेदार डोळ्यांवर हात धरून वर तोंड करून उभे होते.

मग आवाज थांबला. इंजिन बंद केलं की बंद पडलं, ते नुसत्या आवाजावरनं कळण्यासारखं नव्हतं.

जीप ऐन माथ्यावर होती. वहिनी सीटवर उभ्या राहून दोन्ही हात हलवत होत्या. पोरांनी आरडाओरडा करायला तोंडं उघडली, तेवढ्यात सुभेदार माझ्याकडं वळले. आवाज मुळीच खाली न आणता, सगळ्यांच्या देखत त्यांनी विचारलं,

"मास्तर, पोचली का ओ ती?"