गालातला बदाम

रिग्मोर थेस्ट्रुप एकतीस वर्षं कस्टममध्ये होती. स्वीडनहून येणाऱ्या बोटीतून उतरलेल्या बायकांच्या अंगावर काय काय दडलेलं असतं, हे उत्तर जटलंडात तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. एकदा एक पोटुशी बाई समोर आली, घामाघूम झालेली.

"कितवा?" रिग्मोरने विचारलं.

"सातवा."

"अरे वा. गेल्या शुक्रवारीसुद्धा सातवाच होता."

त्या बाईला तिथल्या तिथे सिगारेटची चाळीस पाकिटं झाली. "आई आणि पाकिटं सुखरूप," असं रिग्मोरने अहवालात लिहिलं आणि साहेबांची बोलणी खाल्ली. साहेबांची बोलणी ती आवडीने खायची. तिचा नवरा मासेमारीच्या बोटीवर. महिन्यातले वीस दिवस घरात बोलणी देणारं दुसरं कुणी नसायचंच.

आता ती अठ्ठ्याऐंशीची होती. खुबा मोडल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, बंदरामागच्या लिंगगोर वृद्धनिवासात राहत होती. तिच्यापुढे थाप मारायची कुणाची टाप नव्हती. ती स्वतः मात्र बिनदिक्कत थापा मारायची. आयुष्यभर दुसऱ्यांचं खोटं पकडणाऱ्याला म्हातारपणी तेवढी सूट असते, असं तिचं म्हणणं.

नाताळच्या आधीच्या चार रविवारांपैकी पहिल्या रविवारी निवासात पहिली मेणबत्ती पेटते आणि पहिलं रिसालामांद होतं: थंड दूधभात, त्यात फेटलेली साय आणि बदामाचे तुकडे, वर गरम चेरीचा रस. त्या सगळ्या पातेल्यात बदाम अख्खा असा एकच. नियम लहान पोरांनाही पाठ असतो. ज्याला तो अख्खा बदाम मिळेल त्याने गालात दडवायचा, चेहरा कोरा ठेवायचा आणि पातेलं रिकामं होईपर्यंत बाकीच्यांना आशेने खात ठेवायचं. मग काढून दाखवायचा आणि बक्षीस घ्यायचं.

रिग्मोरच्या शेजारी आयनर क्रोग्सगोर बसला होता. वय एक्क्याण्णव. गावातली बस चालवण्यात त्याचा जन्म गेलेला. चेरीचा रस त्याला सोसायचा नाही, म्हणून त्याचा वाडगा पांढराशुभ्र.

"एक्क्याण्णव वर्षं," आयनर म्हणाला. "एक्क्याण्णव वर्षं मी हा भात खातोय. आम्ही नऊ भावंडं. आठांना मिळाला. एकदा कुत्र्याला मिळाला."

"ऐकलंय रे."

"कुत्र्याला, रिग्मोर!"

"कुत्र्याने चेहरा कोरा ठेवला होता का?"

"ठेवला होता ना! तेच तर दुखतं."

एवढ्यात रिग्मोरच्या दाताखाली काहीतरी टणक आलं. तिने पापणीसुद्धा हलवली नाही. जिभेने बदाम डाव्या गालात सारला आणि पुढचा घास घेतला. ही तिची सातवी खेप. तिला त्यात नवल नव्हतं. पंचाईत निराळीच झाली. आयनरचं रडगाणं चालूच राहिलं आणि गालात बदाम असल्यामुळे तिला त्याला एकही टोमणा मारता येईना.

"यंदाही नाही," आयनर म्हणत होता. "असाच जाईन मी. थडग्यावर लिहा, आयनर क्रोग्सगोर, बदाम न मिळता गेला."

रिग्मोरच्या जिभेवर तीन उत्तरं तयार होती आणि तिन्ही अडकून पडली होती. वीस मिनिटं तिने कळ काढली. शेवटी आयनर नाक शिंकरायला पलीकडे वळला, तशी तिने रुमाल तोंडाला लावला, बदाम चमच्यात घेतला आणि त्याच्या भातात खोल खोचून टाकला. चोखून चोखून गुळगुळीत झालेला बदाम. दया वगैरे काही नाही. नुसतं त्याचं तोंड बंद करायचं होतं.

आयनरला तो तिसऱ्या घासाला लागला. चेहरा त्याला मुळीच कोरा ठेवता आला नाही. दोन मिनिटं तो लालबुंद होऊन गुणगुणत राहिला, मग टेबलाचा आधार घेऊन उभाच राहिला. "मिळाला!" निवासाची प्रमुख बियर्थे हिने त्याला बदामपिठाचं डुक्कर दिलं. साऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याचं तोंड त्यानंतर बंद झालं असं कुणी म्हणू शकणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिग्मोरच्या पुढ्यात पिवळा वाडगा आला. लिंगगोरमध्ये पिवळा वाडगा म्हणजे गाळलेलं अन्न.

"हे काय?"

"नाश्ता," यागोदा म्हणाली. यागोदा पोलंडची, ऑक्टोबरात आलेली, गिळण्याच्या तक्रारी बघणारी थेरपिस्ट.

"आधी कुणाचा खाऊन झालाय का हा?"

"काल मी तुमच्याकडेच बघत होते, रिग्मोरबाई. वीस मिनिटं तुमच्या गालात घास होता. कुणी बोललं तरी तुम्ही उत्तर देत नव्हतात. घास गालात राहतो, म्हणजे गिळायला त्रास व्हायला लागलाय. पुढे ठसका लागून फुप्फुसात जातो."

"तुम्ही-तुम्ही काय करतेस? आमच्याकडे राजाखेरीज सगळ्यांना 'तू' म्हणतात. आणि बदामाचा खेळ माहीत नाही का तुला?"

"माहीत आहे. मी सगळं वाचून आलेय. पण बदाम आयनरकडे होता." यागोदाने वही उघडली. "मग तुमच्या गालात काय होतं?"

आयनर पलीकडच्याच खुर्चीवर होता. नाश्त्याला तो डुक्कर बरोबर घेऊन आला होता. बशीत ठेवून त्याचं तोंड खिडकीकडे वळवत होता, त्याला बंदर दिसावं म्हणून. रिग्मोरने डुकराकडे पाहिलं, आयनरकडे पाहिलं.

"भात," ती म्हणाली.

यागोदाने लिहून घेतलं. नाताळानंतर नव्या वर्षात डॉक्टर येणार, वही बघणार, आणि ती ओळ तशीच राहिली तर पिवळा वाडगा कायमचा.

यागोदाला बाजूला घेऊन खरं सांगता आलं असतं. पण यागोदाच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. ऐकलं की लिहायचं, आणि लिहिलेलं सकाळच्या बैठकीत खणखणीत आवाजात वाचायचं, जेवणघराचं दार सताड उघडं ठेवून. आयनर तर त्या दाराशीच बसायचा. तेव्हा रिग्मोर मूग गिळून बसली. तेही गाळलेले.

तिने दुसऱ्या वाटा शोधून पाहिल्या. यागोदासमोर मुद्दाम राईची कडक बिस्किटं कडाकडा चावून खाल्ली. वहीत नोंद झाली: "घाईघाईने खाते." मोठ्याने गाणं म्हणून दाखवलं. नोंद: "अस्वस्थ." आणि शेजारी आयनर रोज नवशिक्यांना धडे द्यायचा.

"मुख्य गोष्ट डोळे," तो म्हणायचा. "डोळ्यांत काही दिसता कामा नये. हो की नाही, रिग्मोर?"

"तुझ्या डोळ्यांत कधीच काही दिसत नाही."

"ऐकलंत? कस्टमवाली सांगतेय!"

तेवीस तारखेला सगळे बदाम सोलायला बसले. गरम पाण्यातून काढायचा, चिमटीत धरून दाबायचा, की साल हातात राहते आणि बदाम सुळकन समोरच्याच्या अंगावर. बियर्थेने त्यातला एक टपोरा निवडून बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी भात तयार झाल्यावर तो रिग्मोरच्या हातात दिला आणि मान कलती करून म्हणाली, "यंदा तू टाक, रिग्मोर. खायला नाही तर निदान टाकायला."

तो दयेचा सूर ऐकला आणि रिग्मोरचं ठरलं. तिने पातेल्यावर हात नेला, चमच्याने टुपुक् असा आवाज काढला, आणि बदाम बाहीत गेला. बाह्या झाडून घेण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. बाही कशी भरायची हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

साडेचारला अंधारून आलं, मेणबत्त्या लागल्या, सगळे जेवायला बसले. कर्मचारीही पंगतीलाच. रिग्मोरवर लक्ष ठेवायचं म्हणून यागोदा तिच्या डाव्या हाताला, आयनर उजव्या. सगळ्यांच्या ताटात बदक, तांबडा कोबी, साखरेत घोळवलेले बटाटे. रिग्मोरच्या पिवळ्या वाडग्यात तपकिरी, जांभळा आणि पिवळसर असे तीन ढीग.

"यातलं बदक कुठलं?" तिने विचारलं.

"तपकिरी," यागोदा म्हणाली. "...बहुतेक."

मग भात आला. रिग्मोर एकदम खिडकीकडे बोट करून ओरडली, "बर्फ!"

लिंगगोरला नाताळात बर्फ पडून अकरा वर्षं झाली होती. अख्खं टेबल वळलं.

"पाऊस आहे," आयनर म्हणाला.

"डोळे गेले बाई माझे," रिग्मोर म्हणाली. तिची बाही रिकामी झाली होती.

यागोदाने दोन घास खाल्ले. तिसऱ्याला थबकली. तिचा चमचा हवेत राहिला, डोळे विस्फारले, आणि ती उठून ओरडणार तोच रिग्मोरने तिच्या गुडघ्यावर हात दाबला.

"गालात," रिग्मोर ओठ न हलवता पुटपुटली. "डाव्या. आणि शब्द काढू नकोस."

यागोदाने बदाम गालात घेतला. ज्या तोंडात तीळ भिजत नव्हता, त्यात बदाम भिजायला लागला. समोरून बियर्थे म्हणाली, "यागोदा, तुमच्याकडे आज काय काय करतात गं?"

"म्म."

"मासे ना?"

"म्म-म्म."

"बरं वाटत नाहीये का तुला?"

यागोदाच्या कपाळावर घाम आला. तिने नुसतीच मान हलवली. पातेलं अर्धं उरलं होतं. सगळे एकमेकांच्या जबड्यांकडे बघत वाढून घेत होते. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग रिग्मोर तिच्याकडे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, डॉक्टरीणबाईंच्या थाटात विचारती झाली, "काय गं, गालात काय आहे तुझ्या?"

"भात," यागोदा म्हणाली.

म्हणाली आणि थिजली. स्वतःचाच शब्द तिच्या कानात परत आला. तिने हळूहळू मान वळवली. रिग्मोर निरागसपणे पिवळ्या वाडग्यातला जांभळा ढीग चिवडत होती.

"तू!" यागोदा कुजबुजली. ऑक्टोबरपासूनचा तिचा पहिला 'तू'.

"मी काय?"

"त्या रविवारी... तुझ्याकडे..." यागोदाची नजर रिग्मोरवरून आयनरवर गेली. तो पातेल्याच्या तळाशी चमचा खरवडत होता. हिशेब तिच्या डोळ्यांसमोर जुळत गेला. रिग्मोरने आपलं सगळं आयुष्य चेहरे वाचण्यात घालवलं होतं, आणि समोरच्या चेहऱ्यावर आता सगळंच मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. पोरीला गप्प कसं करायचं, एवढंच तिला माहीत नव्हतं.

पातेलं संपलं. "कुणाकडे आहे?" बियर्थेने विचारलं.

यागोदा उभी राहिली. बदाम काढून दाखवला. टाळ्या, आरडाओरडा, "पहिल्याच वर्षी!" सगळं झालं. तरी ती बसेना.

"मला एक विचारायचंय," ती म्हणाली. "पहिल्या रविवारी..."

रिग्मोरने टेबलाखालून वॉकरचं चाक तिच्या बुटावर आणलं.

"पहिल्या रविवारी," यागोदाने बूट मागे घेतला, "आयनरला बदाम मिळाला तेव्हा, त्याने माझ्यासारखा घाम कसा नाही येऊ दिला?"

आयनर पाच मिनिटं बोलला. मुख्य गोष्ट डोळे. तोवर यागोदाने पिवळा वाडगा उचलून मागे ठेवला होता आणि आपला पांढरा, अर्धा भरलेला, रिग्मोरपुढे सरकवला होता. रिग्मोरने पहिला घास घेतला. बदामाचे तुकडे दातांखाली कुरकुरले. बियर्थे काही म्हणायला गेली. यागोदाने बोट वर करून तिला थांबवलं. कान रिग्मोरच्या गळ्याशी. घास गेला. ठसका नाही. दुसरा गेला. सातवा गेला तेव्हा यागोदाने कान काढला.

सगळे नाताळच्या झाडाभोवती फेर धरायला उठले. चाकाच्या खुर्च्या ढकलल्या गेल्या. आयनर मागे रेंगाळला आणि यागोदाला म्हणाला, "एक सांग. तुझा बदाम गरम होता का?"

"नाही. थंड होता. का?"

"काही नाही. माझा गरम होता." तो रिग्मोरकडे बघतही नव्हता. "रस नाही, काही नाही, थंडगार भात, आणि बदाम मात्र गरम. मी म्हटलं, असेल बुवा."

तो काठी टेकत निघून गेला. रिग्मोरचं तोंड उघडंच राहिलं. तीन आठवडे! या बसवाल्याने तीन आठवडे तिच्या शेजारी बसून, तिच्या तोंडावर, धडे दिले होते.

"मिटा तोंड," यागोदा म्हणाली. "म्हणजे, मीट." तिने वही उघडली. "इथे लिहिलंय, 'घास गालात धरून ठेवते.' खोडू?"

"खोडू नकोस. खोडलेल्या ओळीवर अधिकाऱ्याची नजर आधी जाते." रिग्मोरने वही ओढून घेतली. "पुढे लिही. 'जाणूनबुजून.'"

यागोदाने लिहिलं.

"'फक्त डिसेंबरात.'"

तेही लिहिलं. "झालं?"

झाडाजवळ आयनर शेजाऱ्याला डोळ्यांबद्दल काहीतरी सांगत होता. रिग्मोरने डोळे बारीक करून त्याच्याकडे बघितलं.

"आणखी एक ओळ," ती म्हणाली. "'शेजारी बदलू नये. रुग्णाला त्याच्यावर लक्ष ठेवायचं आहे.'"