झुळकाईचा नवस

नेकनूरच्या शिवारात शेळ्या राखणाऱ्या नाथाची बायको मोहिनी कादंबरी लिहिते, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. पण कसली लिहिते ते ती सांगू लागली, की ऐकणाऱ्याला एकदम काहीतरी काम आठवतं.

तिच्या कादंबरीतला मुलूख कुठल्याच नकाशात नाही. तिथं ढगांचे कळप आहेत, ते राखणारी माणसं आहेत आणि त्यांची वाऱ्याची देवी आहे, झुळकाई. पण मोहिनीचा एक हट्ट. गाव मनातलं असलं म्हणून काय झालं, त्याला बाजाराचा वार पाहिजे, पाणवठ्यावरचं भांडण पाहिजे, शेजारच्या गावाला ठेवलेली नावं पाहिजेत. त्याशिवाय ती त्या गावात कुणाला पाऊल टाकू देत नाही. पूजा, स्वयंपाक, धुणं उरकलं की दुपारी ओट्यावर बसून ती लिहिते आणि लिहिलेलं सासूबाईंना, सत्यभामाबाईंना, वाचून दाखवते. त्या शेंगा फोडत ऐकतात.

शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. ढग कोंडणाऱ्या राजापासून मुलूख सोडवायला झुळकाई आपला श्वास देऊन टाकते आणि मरते. सगळी गोष्ट पहिल्या पानापासून या मरणाकडेच चालत आली होती. प्रकाशकांचे फोनावर फोन. "ताई, शेवट कधी पाठवताय?"

अशातच एका सकाळी काळी शेळी अडली. करडू आडवं आलेलं. नाथा डॉक्टरला आणायला धावला, पण तो परत यायच्या आत शेळी सुटली. सासूबाईंनी हात जोडले. "पावली गं बाई झुळकाई!"

मोहिनीच्या हातातली बादली कलंडली. "आत्याबाई, कुणाला नवस बोललात?"

"तुझ्या झुळकाईला. हिरवा खण आन् नारळ."

"अवो, ती म्या रचलीय! खरी न्हाई ती."

"मग तर बरंच हाय. तुलाच ठावं असंल. तिचा वार कोणचा? कवा फोडू नारळ?"

गावागावाला वार दिला आणि देवीलाच द्यायचा राहिला! मोहिनीनं पानं चाळली. देवीला मागणारे जागोजाग होते, नवस फेडायला आलेलं एकही माणूस नव्हतं. आणि आता जी एकटी फेडायला निघाली होती, तिलाच देवीचं मरण वाचून दाखवायचं? न दाखवावं तर चोरून मारल्यासारखं. आणि मारूच नये म्हटलं, तर सगळी गोष्ट पांगळी.

नाथा हसला. "राजालाच मार की. पेन तुझ्या हातात, मतदान थोडंच घ्यायचंय?"

"लई सोपं हाय व्हय? ती गेल्याबिगर वारा सुटत न्हाई."

शेवटी तिनं बुधवार ठरवला. मंगळवार-शुक्रवार घरच्या देवींचे, सोमवार महादेवाचा, रविवार खंडोबाचा, बाकीचेही वाटलेले. बुधवार तेवढा मोकळा. सासू-सुना माळावर गेल्या. तिथं ना देऊळ, ना देवीचा म्हणून शेंदूर फासलेला तांदळा. सासूबाईंनी बाभळीला खण बांधला, नारळ फोडला आणि वाऱ्याकडं पाठ करून हात जोडले.

"पाठ कावून केली, आत्याबाई?"

"ती मागूनच येती. तोंडावर आली की डोळ्यात माती जाती."

घरी येऊन मोहिनीनं प्रकरण लिहिलं. ढग राखणारी माणसं नवस फेडायला माळावर येतात, वाऱ्याकडं पाठ करून उभी राहतात. मागून एक झोत येतो, सगळ्यांना दोन पावलं पुढं ढकलतो आणि थांबतो. देवीला मरताना कुणीच पाहत नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं ते वाचून दाखवलं. सासूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांनी विचारलं, "लेकरंबाळं होती का तिला?"

"न्हाई."

"मग सुतक कोण धरणार?"

सांज झाली, पण सासूबाई देवापुढं दिवा लावायला उठल्या नाहीत. मोहिनी वाती घेऊन निघाली तशा त्या म्हणाल्या, "आज ऱ्हाऊ दे. ती गेल्याचं आपल्या घरात बी कळलंय न्हवं."

मोहिनीनं वाती डबीत परत ठेवल्या. देवापुढच्या अंधाराला तिनं हात जोडले. मग आत जाऊन पाकिटावर प्रकाशकांचा पत्ता लिहिला.